रिकार्डोचा दाखला आणि ससेक्सची द्राक्षे

अर्थशास्त्राचे पहिले धडे गिरविणाऱ्या विद्यार्थ्याला दोन देश आणि दोन वस्तू हमखास भेटतात: इंग्लंड आणि पोर्तुगाल, कापड आणि वाइन. डेव्हिड रिकार्डो याने १८१७ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात हा दाखला दिला. इंग्लंडला ठरावीक कापड विणण्यास वर्षभर १०० माणसांचे श्रम लागतात आणि ठरावीक वाइन करण्यास १२० माणसांचे. पोर्तुगालला तेच कापड ९० माणसांत आणि तीच वाइन ८० माणसांत साधते. दोन्ही बाबतींत पोर्तुगाल वरचढ असूनही इंग्लंडने कापड विणावे, पोर्तुगालने द्राक्षे पिकवावीत आणि उभयतांनी देवघेव करावी, यातच दोघांचे हित आहे, असा त्याचा निष्कर्ष होता. त्याच्या चार दशके आधी, १७७६ साली, ॲडम स्मिथने हाच मुद्दा अधिक ठसक्यात मांडला होता. काचघरे आणि तापविलेल्या भिंती उभारल्या तर स्कॉटलंडमध्येही उत्तम द्राक्षे होतील. मात्र बाहेरून आणलेल्या वाइनच्या तीसपट खर्च येईल. तेव्हा असा उद्योग करणे शहाणपणाचे नव्हे, असे त्याने बजावले.

त्याच इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यालगत, ससेक्स, केंट आणि हँपशायर या परगण्यांत, आज द्राक्षबागा डोलत आहेत. या शतकाच्या आरंभी ब्रिटनमध्ये वाइनच्या द्राक्षांखाली हजार हेक्टर जमीनही नव्हती. आता ती चार हजार हेक्टरांच्या पुढे गेली आहे. काचघरे नाहीत, तापविलेल्या भिंती नाहीत. उघड्या उतारांवर, समुद्री वाऱ्यात, तारांवर चढविलेले वेल आहेत. मग स्मिथ आणि रिकार्डो यांना निसर्गाने खोटे पाडले, असे समजावयाचे काय? प्रश्न केवळ पुस्तकी नाही. कोणत्या भूमीत काय पिकवावे, हे ठरविण्याचा अधिकार हवामानाकडे किती आणि माणसाच्या विद्येकडे किती, आणि हवामानच बदलू लागले की लाभ कोणाच्या पदरात पडतो व तोटा कोणाच्या, हा खरा प्रश्न आहे. नाशिकच्या आणि सांगलीच्या द्राक्ष बागायतदाराचा त्याच्याशी जवळचा संबंध आहे.

थंड किनाऱ्याचे गणित

द्राक्षवेल ही मूळची समशीतोष्ण प्रदेशातील. वाइनसाठी तिचे फळ पिकण्यास एप्रिल ते ऑक्टोबर या वाढीच्या काळात सरासरी सुमारे १३ ते १५ अंश सेल्सिअस तापमान ही थंड प्रदेशातील लागवडीची पातळी मानली जाते. त्याखाली गेल्यास फळात साखर भरत नाही आणि मणी आंबट राहतात. दक्षिण इंग्लंड हा सुमारे ५१ अक्षांशावरचा प्रदेश विसाव्या शतकाचा बराच काळ या सीमारेषेवर लोंबकळत होता. एखादे वर्ष साधे, पुढची दोन फसत.

समुद्राचे सान्निध्य येथे दुहेरी काम करते. पाणी सावकाश तापते आणि सावकाश निवते; त्यामुळे किनाऱ्यालगत हिवाळा फारसा कडक होत नाही व वसंतातील गोठविणाऱ्या रात्रीही आतल्या मुलखापेक्षा कमी पडतात. परंतु हाच समुद्र उन्हाळ्याची धगही कमी करतो, ढग आणतो, आणि जूनमध्ये वेल फुलोऱ्यावर असताना गार वारा व पाऊस घेऊन येतो. फुलोरा ओला राहिला की फळधारणा बिघडते आणि घड विरळ होतात. म्हणून बाग दक्षिणाभिमुख उतारावर लावावी लागते, म्हणजे तिरपे ऊन अधिक मिळते आणि रात्रीची जड, थंड हवा खालच्या खोलगट भागात ओघळून जाते. वारा अडविण्यासाठी कडेने झाडांच्या रांगा लावाव्या लागतात. दमटपणामुळे केवडा आणि भुरी हे नाशिकच्या शेतकऱ्याला पाठ असलेले रोग तेथेही मुक्कामाला असतात. निसर्गाने या सर्व अडचणींच्या बदल्यात दिलेले दान एकच: उन्हाळ्यात सोळा तासांहून मोठा दिवस आणि सावकाश, अतिशय सावकाश पिकणारे फळ.

चुकीचा प्रश्न, चुकीचे पीक

इंग्लंडमध्ये द्राक्षे नवी नाहीत. १०८६ सालच्या डूम्सडे पाहणीत द्राक्षबागांच्या नोंदी आहेत. वेल्समधील कॅसल कॉच येथे एका उमरावाने १८७५ साली लावलेली बाग पहिल्या महायुद्धाच्या सुमारास बंद पडली. दुसऱ्या महायुद्धानंतर सरे परगण्यात ऑक्स्टेड येथे रे बॅरिंग्टन ब्रॉक या रसायनशास्त्रज्ञाने पदरचे पैसे खर्चून शेकडो वाणांची चाचणी घेतली. हँपशायरमधील हँबल्डन येथे निवृत्त सेनाधिकारी सर गाय सॅलिसबरी-जोन्स यांनी १९५२ साली व्यापारी बाग उभी केली. त्यांच्यामागून आलेल्या बागायतदारांनी बहुधा लवकर पिकणारे जर्मन संकरित वाण निवडले. त्यांची वाइन हौसेने प्याली जाई, परंतु बाजारात तिला मान नव्हता.

या बागायतदारांची चिकाटी निर्विवाद होती. चुकला होता तो प्रश्न. ऊबदार देशांत होते तशी साधी वाइन इंग्लंडमध्ये कशी करता येईल, असा तो प्रश्न होता. आणि त्याचे उत्तर रिकार्डोने आधीच देऊन ठेवले होते: करता येईल, पण महाग आणि डावी. १९८८ साली ससेक्समधील नायटिंबर या जुन्या वाड्याच्या जमिनीवर शिकागोहून आलेल्या स्टुअर्ट आणि सँडी मॉस या दांपत्याने प्रश्नच उलटा विचारला. या थंडीत सर्वांत चांगले काय होईल? फ्रान्समधील शँपेन हा प्रदेशही थंड आहे. खडूच्या ज्या थरांवर तेथील बागा आहेत, तेच थर खाडीखालून येऊन दक्षिण इंग्लंडच्या टेकड्यांत पुन्हा वर येतात. फेसाळ वाइनला आरंभी साखर कमी आणि आम्लता भरपूर असलेला रस हवा असतो, कारण बाटलीत दुसऱ्यांदा किण्वन होऊन मद्यार्क वाढतोच आणि आम्लता वाइनला ताजेपणा देते. साध्या वाइनसाठी जो दोष, तोच फेसाळ वाइनसाठी गुण ठरला. मॉस दांपत्याने शार्दोने, पिनो न्वार आणि पिनो म्यूनिए हे शँपेनचेच वाण लावले. १९९२ च्या हंगामातील त्यांच्या पहिल्या वाइनने पुढे आंतरराष्ट्रीय स्पर्धेत पारितोषिक मिळविले आणि इंग्लंडच्या बागायतीची दिशा पालटली. आज तेथील उत्पादनाचा दोन तृतीयांशांहून मोठा भाग फेसाळ वाइनचा असतो.

म्हणजे रिकार्डो खोटा ठरला नाही. उलट त्याचेच म्हणणे अधिक बारकाईने लागू पडले. वाइन नावाची एकच वस्तू नसते. साध्या वाइनमध्ये इंग्लंडचे नुकसानच होते. विशिष्ट प्रकारच्या फेसाळ वाइनमध्ये मात्र त्याला तुलनात्मक लाभ मिळू शकतो. तो लाभ निसर्गाने ताटात वाढून ठेवलेला नव्हता. तो शोधावा लागला, आणि शोधण्यास चाळीस वर्षे लागली.

वाट पाहण्याची किंमत

या यशकथेचा जमाखर्च मात्र वृत्तपत्रांतील कौतुकात सहसा येत नाही. वेल लावल्यानंतर पहिले नाव घेण्याजोगे पीक तिसऱ्या वर्षी येते. त्यानंतर पारंपरिक पद्धतीची फेसाळ वाइन बाटलीत पडून राहावी लागते. चांगले उत्पादक तिला दोन-तीन वर्षे, कधी त्याहून अधिक काळ, तळघरात ठेवतात. म्हणजे जमीन घेण्यापासून पहिली बाटली विकण्यापर्यंत सहा-सात वर्षे नुसता खर्च. त्यात हेक्टरी उत्पादन शँपेनच्या निम्म्याहूनही कमी, आणि तेही बेभरवशाचे. २०१२ च्या थंड, पावसाळी हंगामात नायटिंबरने फळाचा दर्जा पुरेसा नाही म्हणून त्या वर्षी एकही बाटली न करण्याचा निर्णय घेतला. २०१७ च्या एप्रिलअखेर पडलेल्या गोठविणाऱ्या थंडीत अनेक बागांची कोवळी फूट एका रात्रीत जळाली. बाटलीवर अडीच पौंडांहून अधिक उत्पादनशुल्क आणि वर २० टक्के मूल्यवर्धित कर आहे तो वेगळाच.

असा धंदा कोण करू शकतो? ज्याला सात वर्षे थांबता येते तो. बागा उभारणाऱ्यांत शहरात पैसा मिळवून खेड्यात आलेले लोक मोठ्या संख्येने दिसतात, ते यामुळेच. लहान शेतकऱ्याला उरतो तो फळे विकण्याचा मार्ग. वाइनचा नफा वाइन करणाऱ्याकडे राहतो. घड हाताने तोडावे लागतात आणि त्या कामासाठी पूर्व युरोपातील हंगामी मजुरांवर भिस्त असे. युरोपीय संघातून ब्रिटन बाहेर पडल्यावर, २०२१ पासून, तो मुक्त ओघही थांबला. थंड किनाऱ्यावरच्या द्राक्षांत हवामानाइतकेच भांडवल मुरलेले असते, हे विसरून चालणार नाही.

याबरोबरच एका संस्थेचे नाव घेतले पाहिजे. पूर्व ससेक्समधील प्लंप्टन या कृषी महाविद्यालयाने १९८८ पासूनच द्राक्षशेती आणि वाइननिर्मितीचे शिक्षण सुरू केले. तेव्हा या शिक्षणाला बाजारात फारशी मागणी नव्हती. एकेका धनिकाच्या प्रयोगातून मिळालेले ज्ञान त्याच्याबरोबर संपून जाते, हे ब्रॉकपर्यंतच्या इतिहासाने दाखविलेच होते. ते शाळेत आले तेव्हा सार्वजनिक झाले. उद्योगाची वाढ आणि त्या महाविद्यालयातून बाहेर पडणाऱ्या विद्यार्थ्यांची वाढ या एकाच काळातील गोष्टी आहेत, हा योगायोग नव्हे.

ऊब वाढली, खात्री नाही

आता हवामानाकडे वळावे. १९९० नंतर दक्षिण इंग्लंडमधील वाढीच्या काळाचे तापमान सातत्याने १३ अंशांच्या वर राहू लागले, आणि जी बाग पूर्वी नशिबावर पिके ती आता बहुतेक वर्षी पिकते. २०१८ च्या उन्हाळ्याने विक्रमी पीक दिले, तर जुलै २०२२ मध्ये इंग्लंडमध्ये पारा प्रथमच ४० अंशांपलीकडे गेला. पृथ्वीच्या तापण्याने इंग्लंडला द्राक्षे बक्षीस दिली, असे मग सहजच म्हटले जाते.

हे अर्धसत्य आहे. सरासरी वाढणे आणि खात्री वाढणे या दोन भिन्न गोष्टी होत, हे संख्याशास्त्राचा प्राथमिक विद्यार्थीही जाणतो. मार्च ऊबदार झाल्याने डोळे लवकर फुटतात. परंतु एप्रिलच्या अखेरची एखादी गोठविणारी रात्र आपल्या वेळी यायची ती येतेच. पूर्वी त्या रात्री वेल झोपलेला असे, आता त्याची कोवळी फूट उघड्यावर असते. म्हणजे सरासरी तापमान वाढल्यानेच थंडीचा धोका वाढतो, असा हा विपरीत न्याय आहे. पावसाचीही शाश्वती नाही. २०२३ मध्ये फुलोऱ्याला अनुकूल जून लाभल्याने दोन कोटींहून अधिक बाटल्यांचे विक्रमी पीक निघाले. लागलीच २०२४ च्या ओल्या, गार हंगामात ते बरेच खाली घसरले.

खाडीपलीकडची परिस्थिती पाहिली म्हणजे चित्र पुरे होते. शँपेनमधील तोडणी गेल्या तीन-चार दशकांत दोन आठवड्यांहून अधिक अलीकडे आली आहे. फळ लवकर गोड होते आणि आम्लता घटते. तेथील तेतँजे या घराण्याने २०१५ साली केंटमध्ये सफरचंदाच्या बागांची जमीन घेतली व २०१७ मध्ये तीत द्राक्षवेल लावले. व्यापारी दृष्टीने हा धूर्त विमा आहे: थंडी उत्तरेकडे सरकत असेल तर बागही सरकवावी.

येथे रिकार्डोच्या दाखल्यातील एक गृहीतक आठवते, जे परीक्षेच्या उत्तरपत्रिकेत बहुधा राहून जाते. भांडवल आपला देश सोडून सहजासहजी परदेशी जात नाही, असे त्याने धरले होते. त्याच्या दाखल्यात कापड आणि वाइन प्रवास करतात. पैसा, जमीन आणि हवामान जागच्या जागी राहतात. आज पैसा प्रवास करतो आणि हवामानही प्रवास करू लागले आहे. उरली ती जमीन, आणि त्या जमिनीला बांधलेला शेतकरी. रिकार्डोचाच खंडाचा सिद्धांत असा की अधिक अनुकूल जमिनीच्या मालकाला काही न करता अधिक खंड मिळतो. हवामान सरकते तेव्हा हा खंडही सरकतो: ससेक्सच्या उताराचे मोल चढते आणि दुसरीकडे कोठे तरी एका उताराचे मोल उतरते. ज्याच्याकडे पैसा आहे तो दोन्ही ठिकाणी जमीन घेऊन बसतो. ज्याच्याकडे फक्त जमीन आहे तो बसल्या जागी बुडतो.

नाशिकशी असलेले नाते

ससेक्स आणि नाशिक ही द्राक्षांच्या राज्याची दोन टोके म्हणता येतील: एक थंडीच्या काठावर, दुसरे उष्णतेच्या. इंग्लंडचा शेतकरी उन्हाळ्याची प्रत्येक घटका वेचतो. नाशिकचा शेतकरी हिवाळ्याची. येथे वेल थंडीने झोपत नाही, म्हणून एप्रिलमध्ये खरड छाटणी आणि पावसाळा सरताना फळछाटणी अशा दोन छाटण्या करून त्याचे वर्ष माणसाला घडवावे लागते. फळ थंड रात्रींत भरावे आणि उन्हाळा चढण्यापूर्वी उतरावे, अशी ही बांधणी आहे. हीही शोधून काढलेलीच विद्या. काठावरची शेती असल्याने धक्काही तितकाच: २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चची गारपीट, २०१९ चा ऑक्टोबर-नोव्हेंबरचा अवकाळी पाऊस, २०२३ च्या नोव्हेंबरअखेरची निफाड भागातील गारपीट, या तारखा बागायतदार कर्जाच्या हप्त्यांप्रमाणे लक्षात ठेवतो.

दुसरे साम्य बाजाराचे आहे. लागवड आजच्या किमतीवर होते आणि माल काही वर्षांनी येतो, तेव्हा टंचाई आणि महापूर आळीपाळीने येतात. पाठ्यपुस्तके यास कोळ्याच्या जाळ्याचा सिद्धांत म्हणतात. महाराष्ट्राने २००१ साली द्राक्षप्रक्रिया उद्योगाचे धोरण जाहीर करून वाइनला उत्पादनशुल्कात सूट दिली; विंचूर आणि पलूस येथे वाइन पार्क उभे राहिले; वाइनच्या वाणांची लागवड झपाट्याने वाढली. पिणारा मात्र त्या वेगाने वाढला नाही. २००८ नंतरच्या मंदीत साठे तुंबले, कारखाने बंद पडले, आणि खाण्यास निरुपयोगी अशा द्राक्षांच्या बागा कित्येक शेतकऱ्यांनी उपटून टाकल्या. मद्याला प्रोत्साहन द्यावे की नाही, हा नीतीचा प्रश्न बाजूला ठेवला तरी निव्वळ अर्थकारणाच्या कसोटीवर एवढे स्पष्ट आहे की सवलत लागवडीला मिळाली आणि जोखीम लागवड करणाऱ्यावर टाकली गेली.

इंग्लंडही आज त्याच वळणावर आहे. २०२३ साली दोन कोटींहून अधिक बाटल्यांचे फळ निघाले, त्या वर्षीची विक्री नव्वद लाखांच्या आसपास होती. फेसाळ वाइन तळघरात टिकते, म्हणून तेथे संकट सावकाश येते, इतकाच फरक. नव्या बागा फळावर येतील तसतसा हा साठा वाढेल, आणि तेव्हा प्रथम माघार घेईल तो कर्ज काढून बाग लावणारा, वाइन न करता फळे विकणारा लहान उत्पादक. मोठी घराणी त्याची बाग स्वस्तात घेतील.

शासनाने काय करावे

यावरून निघणारे धडे साधे आहेत. पहिला, शासनाने लागवडीखालच्या क्षेत्राला अनुदान देण्यापेक्षा ज्ञानाला द्यावे. क्षेत्र वाढविण्यास एक हंगाम पुरतो. कोणत्या उतारावर कोणता वाण, कोणता खुंट, हे कळण्यास पिढी जाते, आणि एवढा काळ खाजगी भांडवल सहसा थांबत नाही. मांजरी येथील राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र १९९७ पासून उभे आहे; बदललेल्या पावसाच्या वेळापत्रकाला जुळतील अशा छाटणीच्या तारखा आणि वाण हे त्याच्या कामाच्या अग्रभागी असले पाहिजेत. दुसरा, हवामानाची जोखीम समाजाने वाटून घेतली पाहिजे. गारपिटीनंतर पंचनामे आणि तुटपुंजी मदत ही पद्धत अपघाताला शोभते; जे दर चार-दोन वर्षांनी घडते त्यास अपघात म्हणता येत नाही. प्लास्टिक आच्छादनाचा खर्च आणि विम्याचा हप्ता यांत शासनाचा वाटा हवा, आणि तो लहान बागेला प्रथम मिळावा. तिसरा, दीर्घ मुदतीच्या पिकाला करार आणि किमतीची हमी यांची जोड नसेल तर त्याचा प्रचार शासकीय खर्चाने होऊ नये.

आणि चौथा धडा इंग्लंडच्या जुन्या बागायतदारांनी चाळीस वर्षे मोजून दिला आहे: दुसऱ्याच्या हवामानाची नक्कल करू नये, आपल्या हवामानाला काय येते ते विचारावे. तुलनात्मक लाभ ही नकाशावर रंगविलेली कायमची रेषा नाही. ती सरकते. ती सरकताना ज्याच्यापाशी भांडवल आहे तो तिच्यामागे चालू लागतो. ज्याच्यापाशी केवळ चार एकर आणि सोसायटीचे कर्ज आहे, त्याला चालता येत नाही. त्याच्यापर्यंत विद्या, विमा आणि बाजार पोहोचविणे हेच कृषी धोरणाचे काम होय. ते झाले नाही, तर बदलत्या हवामानाचा नफा एका किनाऱ्यावर जमा होईल आणि तोटा दुसऱ्या टोकाच्या सातबाऱ्यावर चढेल.